हसणारे कोण होते?

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रज घरांमधल्या नोकरचाकरांवरची विनोदी चित्रे आजही कौतुकाने पुन्हा छापली जातात. निर्मळ विनोद, मार्मिक निरीक्षण अशी प्रशस्तिपत्रे त्यांना मिळतात. ती देणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे: या चित्रांत हसू नेमके कशाचे येते?

१८४१ साली लंडनमध्ये निघालेल्या 'पंच' साप्ताहिकाचा जॉन लीच हा आघाडीचा चित्रकार. १८५०च्या दशकात त्याने मोलकरणींवर एक चित्रमालिकाच काढली आणि तिला 'सर्व्हंटगॅलिझम', म्हणजे 'मोलकरीणवाद', असे नाव दिले. 'पंच'मधल्या या मोलकरणीचा अपराध कोणता? ती मालकिणीसारखा घेरदार झगा घालते, आपली आवडनिवड सांगते, नोकरी धरण्यापूर्वी अटी विचारते. एवढ्यावरून मध्यमवर्गीय वाचकाची हसून मुरकुंडी वळावी अशी अपेक्षा आहे. एका पोरीच्या साध्या मागणीला 'वादा'चे शेपूट जोडले की ते बंड ठरते, आणि बंडाची टिंगल केली की मागणीला उत्तर देण्याची जबाबदारी टळते.

चित्राच्या चौकटीबाहेर काय होते? घरात एकच मोलकरीण असली की पहाटे चुली पेटवण्यापासून रात्री दारे लावण्यापर्यंतचे सारे काम तिच्याच अंगावर. कोळसा आणि गरम पाणी जिन्याने वर न्यायचे, राख आणि सांडपाणी खाली आणायचे. श्रीमती बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात अशा मोलकरणीचा पगार वर्षाला ९ ते १४ पौंड दिला आहे. मालकिणींसाठी लिहिलेल्या त्या ग्रंथालाही तिची कीव करावी लागली. दुसरी नोकरी मिळवायची तर आधीच्या मालकिणीचे शिफारसपत्र हवे, आणि ते देण्याचे बंधन मालकिणीवर नव्हते. नोकरांना अन्नवस्त्र नाकारणाऱ्या मालकांना शासन करण्यासाठी १८५१ साली पार्लमेंटला कायदा करावा लागला. त्याच दशकात मोलकरणींच्या 'माजा'ची ही चित्रे निघत होती!

'पंच'ला गरिबांचा कळवळा होता, असा बचाव केला जातो. १८४३ साली टॉमस हूडची शिवणकामगार स्त्रीवरील प्रसिद्ध कविता याच साप्ताहिकाने छापली, हे खरे आहे. पण ती स्त्री कोठल्या तरी दूरच्या माळ्यावर शिवत बसली होती. तिच्यासाठी डोळे पुसायला पैसा लागत नव्हता. स्वतःच्या स्वयंपाकघरातील मोलकरणीला न्याय द्यायचा तर पगार वाढवावा लागला असता, सुट्टी द्यावी लागली असती. म्हणून दूरच्या दुःखाला करुणा आणि घरातल्या श्रमाला थट्टा, अशी ही सोयीची वाटणी होती.

१८९१च्या जनगणनेनुसार इंग्लंड-वेल्समध्ये १३ लाखांहून अधिक स्त्रिया घरनोकरीत होत्या. तरीही १८९७चा कामगार नुकसानभरपाई कायदा झाला तेव्हा रेल्वे, कारखाने आणि खाणी आठवल्या. जिन्यावरून कोसळणारी मोलकरीण आठवली नाही. तिला त्या संरक्षणात यायला १९०६चा कायदा यावा लागला. पन्नास वर्षे जिच्याकडे हसण्याची वस्तू म्हणून पाहिले, ती कामगार आहे हे समाजाला कसे सुचावे?

या चित्रांतील रेषेचे कौशल्य कोणी नाकारू नये. पण तिला निर्मळ म्हणू नये. हाताखालचे माणूस बरोबरीने बोलू लागेल, या भीतीतून ते हसू आले होते.