आवडीचा रणगाडा आणि एका वर्षाचा अर्थसंकल्प

युद्ध अर्थसंकल्पाची तारीख पाहून येत नाही. म्हणूनच संरक्षणाचे नियोजन एका आर्थिक वर्षात मावत नाही. चेन्नईजवळील आवडीचा अवजड वाहन कारखाना याची साक्ष देतो. अर्जुन रणगाड्याच्या प्रकल्पाला १९७४ साली मंजुरी मिळाली. १२४ रणगाड्यांची पहिली मागणी आली २००० साली. सुधारित ११८ रणगाड्यांची ७,५२३ कोटींची मागणी २३ सप्टेंबर २०२१ रोजी नोंदविली गेली, आणि आठच दिवसांनी, १ ऑक्टोबरला, खडकी-अंबरनाथ-भुसावळसह देशातील ४१ आयुधनिर्माण कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. त्याच वर्षी संपावर बंदी घालण्याचा अधिकारही सरकारने कायद्याने मिळविला.

उद्याचे युद्ध कसे असेल हे कोणीच सांगू शकत नाही, हे खरे. परंतु त्या अनिश्चिततेचा भार कोणी वाहावा? मागणी आटली की कंपनी तोट्यात जाते आणि कुऱ्हाड कामगारावर कोसळते. कोठारातील शस्त्र जुने होते. सरावलेला हात मात्र प्रत्येक नव्या संकटात उपयोगी पडतो. तो हात एकदा पांगला की ऐन युद्धात पैसे मोजूनही मिळत नाही.

म्हणून अनेक वर्षांच्या हमीची मागणी, ३१ मार्चला व्यपगत न होणारा निधी आणि संसदेपुढे त्याचा चोख हिशेब, हेच खरे संरक्षण-नियोजन होय. कामगाराच्या रोजगाराची ही लढाई देशाच्या सुरक्षिततेचीही लढाई आहे.