गाडीतल्या रेडिओला आकाश मोकळे करा

शेवगावहून पैठण, गेवराई किंवा पाथर्डीकडे रात्री-अपरात्री गाडी चालवणाऱ्याला उपग्रहावरून थेट येणारा रेडिओ मिळायला हवा. तोही वेगळे डबडे लटकवून नव्हे, तर गाडीबरोबर कारखान्यातून आलेल्या स्टिरिओवरच. ही मागणी केली की तीन आक्षेप ठरलेले असतात. त्यांचा आधी समाचार घेऊ.

पहिला आक्षेप असा की, हातात फोन असताना रेडिओ हवा कशाला? फोनवरचे गाणे आणि बातमी टॉवर चालू असेपर्यंतच पोचते. टॉवरला वीज लागते, केबल लागते. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने शेवगाव-पाथर्डी भागात पूर आला. अशा पुरात वीज गेली, केबल तुटली की टॉवर काही तासांतच मुके होतात. कोणता पूल पाण्याखाली गेला, जायकवाडी धरणातून किती विसर्ग सुरू आहे, हे वाहनचालकाला नेमके तेव्हाच कळायला हवे असते. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत हा पूर पोचत नाही. शिवाय फोनच्या जाळ्यावर ऐकणारे वाढले की ताण वाढतो. उपग्रहाला एक श्रोता काय आणि एक कोटी काय, सारखेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वर्ल्डस्पेस ही उपग्रह रेडिओ कंपनी बुडाली, म्हणजे या देशाला उपग्रह रेडिओ नको होता, असे सांगतात. इतिहास याच्या उलट आहे. मार्च २००० मध्ये एशियास्टार उपग्रह सोडला गेला आणि या कंपनीचा आवाज भारतात येऊ लागला. शास्त्रीय संगीताची ‘गंधर्व’ वाहिनी ऐकण्यासाठी लोकांनी पदरमोड करून संच घेतले. कंपनीच्या जगभरातल्या ग्राहकांपैकी बहुतांश भारतातच होते. ऑक्टोबर २००८ मध्ये मूळ अमेरिकी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी इथली सेवा थांबली. श्रोता होता, आडवी आली ती रचना. संच घरात बसवायचा, ॲन्टेना खिडकीतून उपग्रहाकडे रोखायची आणि वर्गणी भरत राहायची. ज्या जागी माणूस तासन्‌तास रेडिओ ऐकतो, त्या गाडीपर्यंत ही सेवा पोचलीच नाही.

अमेरिकेत नेमके हेच वेगळे घडले. २००१ मध्ये सुरू झालेल्या एक्सएम या उपग्रह रेडिओत जनरल मोटर्सने स्वतः पैसा घातला आणि गाड्यांच्या डॅशबोर्डमध्येच संच बसवले. शहरात इमारतींच्या आडोशाला आवाज तुटू नये म्हणून जमिनीवर पुनःप्रक्षेपक उभारले. २००८ मध्ये एक्सएम आणि तिची प्रतिस्पर्धी सिरियस एक झाल्या. आज त्या कंपनीचे तीन कोटींहून अधिक वर्गणीदार आहेत. यश आणि अपयश यांतला मोठा फरक डॅशबोर्डचा होता.

तिसरा आक्षेप दुकानातून येतो: नवे काही ऐकायचे तर मूळ स्टिरिओ काढा, मोठा पडदा बसवा. हा सल्ला महागात पडतो. आजच्या गाडीत स्टिअरिंगवरची बटणे आणि मागचा कॅमेरा त्याच स्टिरिओशी जोडलेले असतात. वायरिंग कापले की वॉरंटीचा वाद उभा राहतो. उपग्रह रेडिओसाठी एवढी तोडफोड लागत नाही. वेगळा ट्यूनर डॅशबोर्डमागे बसतो, छपरावर लहानशी ॲन्टेना चिकटते आणि आवाज ऑक्समधून मूळ स्टिरिओत जातो. एफएम लहरीवरून आवाज आत सोडण्याची युक्तीही आहे, पण तिच्यात खरखर येते. सर्वांत चांगली वाट म्हणजे कंपनीनेच स्टिरिओच्या मागे ट्यूनरसाठी कपलर मोकळा ठेवणे. मग बटणे तीच, पडदा तोच, फक्त एक केंद्र वाढते.

आता मंडन. हे सारे परदेशातून उसने आणावे लागेल, असे नाही. डीडी फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्या आजही वर्गणीशिवाय ऐकू येतात. अडचण एवढीच की त्या लहरींसाठी घराच्या छतावर रोखलेली ताटली लागते आणि धावत्या गाडीला ती नेम धरून ठेवता येत नाही. एस बँडच्या जोरदार लहरींना ताटली लागत नाही. इस्रोने २७ ऑगस्ट २०१५ रोजी सोडलेल्या जीसॅट-६ वर त्यासाठीच ६ मीटर व्यासाची, अवकाशात उलगडणारी ॲन्टेना आहे. म्हणजे विद्या आपल्याकडे आहे. वाहन कंपन्या ऐकत नाहीत, ही सबबही टिकत नाही. आकाशवाणीने मध्यम लहरींवर डीआरएम हे डिजिटल प्रसारण सुरू केल्यावर त्याचे संच लाखो भारतीय गाड्यांत कारखान्यातूनच बसून आले. आधी प्रसारण आले, मग संच आले. हाच क्रम इथेही चालेल.

आणि शेवगावइतकी योग्य भूमी शोधून सापडणार नाही. सपाट रान, बुटकी घरे, उपग्रहाला आडवे येणारे काहीच नाही. गळिताच्या हंगामात गंगामाई, केदारेश्वर, वृद्धेश्वर या कारखान्यांकडे रात्रभर उसाच्या गाड्या चालतात. त्या चालकाला जागे ठेवणारा, वाटेतली बातमी देणारा, हात स्टिअरिंगवरच राहू देणारा सोबती हवा.

म्हणून मागणी दोन कलमांची आहे. प्रसार भारतीने आकाशवाणीच्या वाहिन्या धावत्या गाडीत ऐकू येतील अशा उपग्रह लहरींवर, वर्गणी न घेता द्याव्यात. आणि सरकारने प्रत्येक नव्या गाडीच्या मूळ स्टिरिओत त्या ट्यूनरची जोडणी सक्तीची करावी. महामार्गावरच्या मोटारीइतकाच बोधेगावच्या पिकअपचाही या आकाशावर हक्क आहे.