आठवड्याचे एक अंडे सरकारला जड का झाले?



शालेय पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी बंद केल्याची बातमी वाचली आणि संताप आवरेना. नोव्हेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र सरकारनेच मुलांना आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले, त्यासाठी ५० कोटी रुपये काढले, आणि सव्वा वर्ष होते न होते तोच हात आखडता घेतला. आता अंडी द्यायची असतील तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून पैसे उभे करायचे. खिरीच्या आणि नाचणी सत्त्वाच्या साखरेचीही तीच गत.

पण हे लोक कोण? घाटकोपर पश्चिमेला डोंगरउतारावरच्या वस्तीतल्या पालिका शाळेत मी नोकरीची बहुतेक वर्षे काढली. तिथल्या समितीवरचे पालक म्हणजे रिक्षा चालवणारे, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, सकाळी नाक्यावर कामासाठी उभे राहणारे. समितीच्या सभेला यायचे तर त्यांचा अर्धा रोज बुडतो. शाळेत ४०० मुले धरा. किराणा दुकानात अंडे सात रुपयांच्या खाली मिळत नाही. आठवड्याचे झाले २,८०० रुपये, महिन्याचे अकरा हजारांच्या वर. ज्यांना घरी अंडी आणणे परवडत नाही म्हणून ती शाळेत द्यायचे ठरले, त्यांच्याचकडे मुख्याध्यापकांनी वर्गणी मागायला जायचे का? आणि जे पालक सहज देऊ शकतील, त्यांची मुले या शाळांत येतच नाहीत.

निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या महिन्यांत मी ही अंडी स्वतः वाटली आहेत. बाकाच्या कडेवर आपटून मुले कवच सोलायची. काही जण पिवळे आधी खायचे, काही शेवटपर्यंत राखून ठेवायचे. एक मुलगी मात्र अख्खे अंडे खिचडीत कुस्करायची, म्हणजे प्रत्येक घासात थोडे थोडे येते. अंड्याच्या दिवशी हजेरी चढायची, हे त्या शाळेतली कोणतीही शिक्षिका सांगेल.

आता सरकारने या जेवणावर किती खर्च धरला ते पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दर जेवणाला ६ रुपये १९ पैसे मंजूर होते, तेही डिसेंबर २०२४मध्ये वाढवल्यानंतर. तांदूळ केंद्राकडून वेगळा येतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन हे सगळे या सहा रुपयांत बसवायचे. त्यातला राज्याचा वाटा ४० टक्के, म्हणजे पुरते अडीच रुपयेसुद्धा नव्हते. नियमाप्रमाणे मुलाच्या ताटात २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी पडली पाहिजे. तूरडाळ किलोला दीडशेच्या घरात असली, तर नुसत्या डाळीतच तीन रुपये जातात. मग खिचडीत डाळ शोधावी लागते, आणि त्याचे बोल ऐकावे लागतात ते रांधणाऱ्या बचतगटाच्या बायकांना, ज्यांची बिले महिनोन्‌महिने अडकलेली असतात.

म्हणूनच अंडे मोलाचे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय ब-१२ आणि अ जीवनसत्त्व, जे भात-डाळीच्या ताटात फारसे मिळत नाही. आणि अंड्यात पाणी घालता येत नाही. ते गोदामापासून मुलाच्या हातापर्यंत अख्खेच पोहोचते. सरकारी योजनांमध्ये अशा किती गोष्टी आहेत ज्या वाटेत पातळ होत नाहीत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय. तीच मुले पुढे आमच्या पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. त्यांच्या आया सकाळी चहाबरोबर बिस्किटे देऊन कामाला पळतात, कारण पोहे करायलाही वेळ लागतो आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ मिळत नाही. शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट लटकलेले असते. सरकारने अंड्यामागे धरलेला दरही पाचच रुपये होता.

काही वाचक म्हणतील, सगळी मुले अंडे खात नाहीत. खरे आहे. घाटकोपर-मुलुंडमध्ये तर शाकाहारी कुटुंबे भरपूर आहेत आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे. त्यासाठी केळ्याची सोय योजनेत पहिल्यापासून होती. जे खात नाहीत त्यांना केळे द्या, पण जे खातात त्यांच्या ताटातले काढू नका.

पैसे नाहीत, हे तर ऐकवूच नका. लाडकी बहीण योजनेचा वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी रुपये सांगितला गेला. बहिणींना पंधराशे मिळायलाच हवेत. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींचा त्यातून गॅस भरला जातो. पण हिशेब करा: अंड्यांचे ५० कोटी म्हणजे त्या योजनेचा अर्ध्या दिवसाचाही खर्च नव्हे. बहिणीला पैसे द्यायचे आणि तिच्या मुलाच्या ताटातले अंडे उचलायचे, हा कोणता न्याय?

घाटकोपर पूर्वेला कामराजनगर आहे. ज्या कामराजांचे हे नाव, त्यांनी १९५०च्या दशकात मुख्यमंत्री असताना मद्रास राज्यातल्या शाळांत दुपारचे जेवण सुरू केले. तेव्हाही तिजोरी भरलेली नव्हती. आज त्या तामिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी अंडे मिळते. शेजारच्या कर्नाटकात सहा दिवस. आपल्याकडे एका दिवसाचेही टिकले नाही, आणि आपण स्वतःला प्रगत राज्य म्हणवतो.

राज्याला जमत नसेल तर मुंबईपुरते पालिकेने करावे. पालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. पालिका शाळांतली तीन लाख मुले आणि वर्षाचे चाळीस आठवडे धरले, तर सात रुपयांच्या दरानेही खर्च साडेआठ कोटींच्या आत बसतो. पण हे तेव्हा सांगायचे होते कुणाला? मार्च २०२२नंतर पालिकेत एकही नगरसेवक उरला नव्हता. त्याआधी वॉर्डातल्या नगरसेवकाला गाठून शाळेचा नळ, गळके छप्पर, काहीही सांगता यायचे. नंतर अर्थसंकल्प प्रशासकच मांडत आणि प्रशासकच मंजूर करत. जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत, जवळपास चार वर्षे, देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या मतदारांना प्रतिनिधी नव्हता, आणि याची लाज कुणालाच वाटली नाही. उपनगरातल्या गटारापासून शाळेपर्यंतच्या सगळ्या तक्रारी त्यामुळे अशा पत्रांतच राहिल्या.

यासाठी विधिमंडळाचे अर्थसंकल्पीय अधिवेशन आहे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या आमदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, शालेय शिक्षणमंत्र्यांना सभागृहात हा प्रश्न विचारावा आणि अंड्यांचे ५० कोटी जूनमध्ये शाळा उघडण्याआधी पुन्हा मंजूर करून घ्यावेत.

– एक निवृत्त शिक्षिका, घाटकोपर (पश्चिम)