पांढऱ्या कॉलरचे वकील

इथं गुन्हेगार कोण हे जन्मावर ठरतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं तो आपल्या पारध्यांच्या पालापर्यंत आला. पोर आईच्या पोटात आणि नाव पोलिसाच्या वहीत! १९५२ साली कायदा गेला, नजर गेली नाही. गावात चोरी झाली की आधी पारधी उचलायचा. त्याचा वकील कोण? कोणी नाही.

आता दुसरा गुन्हेगार बघा. एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९३९ साली त्याच्या गुन्ह्याला नाव दिलं, व्हाइट कॉलर क्राइम. मराठीत पांढरपेशा गुन्हा. हा कोंबडी चोरत नाही. हा हवा, पाणी, जमीन खातो. आणि याच्या बचावासाठी वकिलांची एक अख्खी जात तयार झालीय. कंपनीचा घोटाळा असो की कंपनीचं विष, यांचं काम एकच: तारखा लांबवायच्या, कलम हलकं करायचं, भरपाईचा आकडा खाली आणायचा. याला म्हणायचं यशस्वी करिअर.

भोपाळ घ्या. २ डिसेंबर १९८४ ची मध्यरात्र. युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला. कारखान्याच्या भिंतीला लागून झोपडपट्टी, हातावर पोट असलेली माणसं. हजारो मेली. लाखोंची फुफ्फुसं आणि डोळे गेले.

खटला आधी न्यूयॉर्कला. कंपनीचे वकील म्हणाले, खटला भारतातच चालवा, तिथली कोर्टं सक्षम आहेत. आपल्या मुंबईचे थोर कायदेपंडित नानी पालखीवाला यांनी कंपनीच्या बाजूनं तसं प्रतिज्ञापत्र दिलं. १२ मे १९८६ ला न्यायाधीश कीनन यांनी खटला इकडं धाडला. आता गंमत ऐका. भोपाळच्या फौजदारी कोर्टानं बोलावलं तर हीच अमेरिकन कंपनी फिरकली नाही. म्हणे हे कोर्ट आमच्यावर चालत नाही! तिचा मुख्य वॉरन अँडरसन १९९२ साली फरारी ठरला आणि २०१४ साली अमेरिकेत बिछान्यावर मेला.

सरकारनं मागितले होते ३३० कोटी डॉलर. १४ फेब्रुवारी १९८९ ला तडजोड झाली ४७ कोटींवर. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं भारतीय आरोपींवरचं कलम ३०४ भाग दोनवरून ३०४-अ वर आणलं. म्हणजे दहा वर्षांची शिक्षा होऊ शकली असती तिथं जास्तीत जास्त दोन. ट्रकनं माणूस उडवला तर तेव्हा जे कलम लागायचं, तेच. ७ जून २०१० ला शिक्षा झाली. दोन वर्षं, आणि त्याच दिवशी २५,००० रुपयांच्या जामिनावर सगळे घरी. बहुतेक जखमींच्या हातावर भरपाई म्हणून पहिल्यांदा टेकवले तेही २५,०००च. जादा भरपाईची याचिका २०२३ साली फेटाळली गेली. हिशेब संपला.

भारतात कंपनीचे वकील होते फली नरिमन. हा ऐरागैरा माणूस नव्हता. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा अतिरिक्त सॉलिसिटर जनरलचं पद यांनी लाथाडलं. १९९८ साली ख्रिश्चनांवरच्या हल्ल्यांच्या निषेधात गुजरात सरकारचं नर्मदेचं काम परत केलं. म्हणजे ब्रीफ परत करता येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कार्बाइडचं मात्र ठेवलं. उतारवयात म्हणाले, पुढं जे कळलं ते आधी माहीत असतं तर घेतलं नसतं. बहुतेक वकील एवढंही बोलत नाहीत. पण भोपाळच्या विधवेनं ही कबुली कुठल्या बँकेत वटवायची?

पांढरपेशे लगेच म्हणतील, बचावाचा हक्क सगळ्यांनाच आहे. आहेच! आम्हाला तो कोणी शिकवू नये. आमची माणसं बिनवकिलाची तुरुंगात सडतात, त्या हक्काची किंमत आम्हाला जास्त कळते. पण हा हक्क टॅक्सीसारखा आहे. म्हणे कोणीही हात केला की थांबते. बसतो मात्र तोच, ज्याच्या खिशात भाडं आहे.

बाबासाहेबही बॅरिस्टर होते. परळच्या दामोदर हॉलजवळच्या ऑफिसात गरिबांची रीघ असायची. महाडचं चवदार तळं आमच्या मालकीचं, असा दावा सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टात लावला. तोही बचावच होता, पाण्यावर हक्क असलेल्यांचा. तो खटला दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात आपण जिंकलो. कागदपत्रं तीच, कोर्ट तेच, तारखाही तशाच. फरक एवढाच की वकील कोणाच्या बाजूनं उभा होता.

भोपाळच्या कारखान्याभोवतीचं जमिनीखालचं पाणी आजही विषारी आहे. कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा उचलायला २०२५ साल उजाडलं. तोही नेला पिथमपूरला, दुसऱ्या गरिबांच्या उशाशी जाळायला.

आज आपली पोरं-पोरी लॉ कॉलेजात जातायत. बाप हमाली करतो, आई भांडी घासते, पोरगी सनद घेते. बरं वाटतं. मोठ्या फर्मचा मोठा पगार खुणावणार, त्यात पाप नाही, भूक सगळ्यांना लागते. पण ज्या दिवशी टेबलावर विषाच्या कारखान्याची फाईल येईल, त्या दिवशी पहिलं पान उघडण्याआधी एवढंच विचारा: हे पाणी कोण पितं?

उत्तर आपल्याच वस्तीचं निघालं, तर फाईल परत करा. नुसती परत करून घरी बसू नका. समोरच्या बाजूला जाऊन उभे राहा.