जमिनीखालचे तेल आणि मावळच्या विहिरी

१३ जून २०२३ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ रसायनाचा टँकर उलटून पेटला. आग पुलाखालच्या रस्त्यापर्यंत पोहोचली आणि चार जणांचा बळी गेला. त्या धुराकडे अवघ्या महाराष्ट्राचे लक्ष गेले. आम्ही आज ज्या गळतीविषयी लिहीत आहोत, तिला ना ज्वाळा असतात ना धूर. जुन्या पेट्रोल पंपाची किंवा कारखान्याच्या तेलसाठ्याची जमिनीत पुरलेली पोलादी टाकी गंजते, तळाला सुईएवढे छिद्र पडते आणि तेल वर्षानुवर्षे मुरमात झिरपत राहते. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर जुन्या रस्त्यावरची बरीच वाहतूक तिकडे वळली. पंप बंद पडला की छत उतरते, यंत्रे हलतात, जागा विकली जाते. टाकीखालच्या मातीची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पुढे त्याच जागेवर बंगला उभा राहतो आणि बंगल्याला बोअर लागते.

पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते. परंतु त्यातील बेन्झिन पाण्यात विरघळते. बेन्झिन कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडील पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेन्झिन चालते. हिशेब मांडला तर एका लिटर पेट्रोलमधील बेन्झिन साडेआठ लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे ८५ टँकर, त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. नाकावर तर विसंबूच नये. पाण्याला वास किंवा चव जाणवेपर्यंत ही मर्यादा कित्येक पटींनी ओलांडलेली असते. ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या तपासणीत जंतू, क्षार, नायट्रेट पाहतात, बेन्झिन नव्हे. क्लोरिनची पावडर टाकून ते जातही नाही.

मावळची भूमीही शोध अवघड करते. आपल्या काळ्या कातळात पाणी भेगांतून वाहते. त्यामुळे टाकीशेजारची विहीर स्वच्छ आणि दोन शेते पलीकडची बाधित, असे घडू शकते. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात भूजल वर चढते, त्यावरचे तेलही चढते. उन्हाळ्यात दोन्ही खाली जातात आणि मधल्या मुरमाला तेलाचा थर चिकटून राहतो. म्हणून एकदाच नमुना घेऊन दिलेला निर्वाळा आम्हाला पुरेसा वाटत नाही. मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर, असे किमान दोन नमुने हवेत.

चेन्नईच्या तोंडियारपेठ भागात २०१३ साली रहिवाशांच्या विहिरींत आणि बोअरमध्ये इंधन आढळले. बंदरापासून तेलसाठ्याकडे जाणारी भारत पेट्रोलियमची जुनी वाहिनी गळत होती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. हवाई बेटांवर रेड हिल येथे अमेरिकी नौदलाच्या दुसऱ्या महायुद्धकालीन वीस भूमिगत टाक्या होत्या. तेथील इंधन नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ९३ हजार लोकांच्या नळयोजनेत शिरले. मार्च २०२२ मध्ये साठा बंद करण्याचा निर्णय झाला. दोन्ही ठिकाणी धोक्याची पहिली खूण घराघरांतल्या पाण्याला आलेला वास हीच होती. म्हणजे उशीर झालेलाच होता.

आता आपल्या हाती एक साधन आले आहे. केंद्र सरकारने २४ जुलै २०२५ रोजी दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने स्वतःहून अथवा नागरिकांच्या तक्रारीवरून संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायची आहे. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि दोष आढळल्यास पुढील तीन महिन्यांत सविस्तर पाहणी. खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. देशात १०३ दूषित स्थळांची नोंद झाली असताना प्रत्यक्ष स्वच्छतेचे काम केवळ सातच ठिकाणी सुरू झाले होते, हे लक्षात घेता आमची अपेक्षा बेताचीच आहे. तरीही, यादीत नाव गेल्याशिवाय ९० दिवसांची गणना सुरूच होत नाही.

आणि ते नाव देणार कोण? कोणत्या वळणावर पंप होता, कोणत्या शेडमागे तेलाची टाकी होती, हे मुंबईहून आलेल्या बंगलेमालकाला ठाऊक नसते. कामशेत, वडगाव, लोणावळ्याच्या जुन्या माणसांना असते. वाचकहो, आपल्या घराच्या, शाळेच्या वा मठाच्या विहिरीजवळ अशी जागा असेल, तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला लेखी अर्ज द्यावा, गट क्रमांक व बंद झाल्याचे अंदाजे वर्ष लिहावे, बेन्झिनची तपासणी स्पष्ट शब्दांत मागावी आणि पोच घ्यावी. जागेवर पाया खोदला जाण्यापूर्वी हे झाले पाहिजे; जेसीबीने माती उचलून नेली की टाकीची खूण उरत नाही.