'महाराष्ट्र मेड', पण कुणाच्या हातचं?

एक साधा प्रश्न विचारतो. पालघरच्या जंगलात वेचलेली मोहाची फुलं अंधेरीत आणली, स्टीलच्या टाकीत बार्लीबरोबर आंबवली आणि काचेच्या पेल्यात ओतली, की आपण त्याला 'क्राफ्ट' म्हणतो. तीच फुलं वेचणाऱ्या बाईने आपल्या पडवीत आंबवून गाळली, की ती 'हातभट्टी' होते आणि दारात पोलीस येतात. फूल तेच, झाड तेच. मग फरक नेमका कशाचा?

दारूचा विषय आहे म्हणून ज्यांना पुढे वाचायचं नसेल त्यांनी खुशाल थांबावं. मी कुणाला प्यायला शिकवत नाहीये. कायदा कुणासाठी वाकतो आणि कुणासाठी ताठ उभा राहतो, यावर बोलतोय.

झालं असं. अंधेरी पश्चिमेच्या एका टॅपरूममध्ये ब्रूअरने स्वतः बिअर चाखवण्याचा कार्यक्रम ठेवला होता. नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात करायची नाहीये. दीड हजाराचं तिकीट, चार छोटे पेले, सोबत खायला थोडंफार. माझ्याबरोबर एक मित्र होता. मूळचा जव्हारकडचा, आता बोरिवलीत राहतो.

ब्रूअर तिशीतली मुलगी. तिला तिचं काम मनापासून येतं, हे आधी सांगून टाकतो. बार्लीला मोड आणून वाळवतात, गरम पाण्यात तिची गोडी उतरवतात, हॉप्सने कडवटपणा येतो, यीस्ट त्या गोडीचं अल्कोहोल करतं, हे सगळं तिने दहा मिनिटांत समजावलं. पहिला पेला कोकम आणि मिठाचा. जर्मनीत 'गोझं' नावाची जुनी आंबट बिअर आहे, तिच्यात मीठ आणि धणे घालतात, त्या धर्तीवर. चव म्हणाल तर सोलकढीची लांबची मावशी. दुसरी जांभळाची, तिसरी तांदळाची. चौथी मोहाची.

जर्मनीची एक गोष्ट तिने छान सांगितली. १५१६ साली बव्हेरियात फर्मान निघालं की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी याशिवाय काहीही घालायचं नाही. त्या नियमाने जर्मन बिअरला नाव मिळालं, पण अनेक गावठी प्रकार त्याखाली दबले. बेल्जियममध्ये मात्र काही जण आजही उकळलेला रस रात्रभर उघड्या हौदात ठेवतात. हवेतलं रानटी यीस्ट त्यात आपोआप उतरतं. अशी बिअर जगभर महाग विकली जाते.

मित्र माझ्या कानात म्हणाला, "अरे, मग ताडी वेगळं काय करते?"

बरोबरच बोलला. पहाटे झाडावरून उतरवली ती नीरा. मडक्याला चुना नसेल तर ऊन चढेपर्यंत हवेतल्या यीस्टने ती आंबते आणि ताडी होते. अल्कोहोल साधारण बिअरच्या आसपास. टाकी नको, आयात केलेले हॉप्स नकोत, वीज नको. ताडाची ताडी, माडाची माडी, शिंदीची शिंदी. गोराई-मनोरीपासून वसई-डहाणूपर्यंत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचं. भंडारी समाजाचा तर तो पिढीजात धंदा. बेल्जियमच्या हौदाचं कौतुक ऐकायला आम्ही दीड हजार मोजले, आणि तसंच काम करणारं मडकं दहिसर खाडीच्या पलीकडे झाडाला टांगलेलं आहे.

मग मोहाचा पेला आला. मित्राने वास घेतला, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. म्हणाला, "माझ्या आज्याला या वासावरून उचलून नेलं होतं."

टेबलावरच्या बाकीच्यांना ते कळलं नाही. ब्रूअरला कळलं. ती म्हणाली, फुलं मी रीतसर बिलावर घेते, पण ती ज्यांच्याकडून येतात त्यांनी असं काही बनवून विकायचं म्हटलं तर त्यांना परवाना कुठला मिळणार, हे मलाही माहीत नाही. तिला मी दोष देत नाही. तिने कायद्यात बसेल तेवढं केलं. प्रश्न कायदा बनवणाऱ्यांना आहे.

आता थोडा इतिहास बघा, कारण हा आपल्याच उपनगरांचा इतिहास आहे. १८७८ साली इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आणला. गावोगावच्या छोट्या भट्ट्या आणि ताडीची झाडं कराच्या आणि मक्त्याच्या जाळ्यात आली. दारू एका जागी गाळली गेली की कर वसूल करणं सोपं, हा साधा हिशोब. तेवढ्याने भागलं नाही म्हणून १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्या-विकण्यावर बंधनं आली. दारूवर नव्हे हं, फुलांवर! आणि तेव्हा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड कुठे होती? ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात. मुंबई उपनगर जिल्हा झाला १९२० साली. म्हणजे ज्या अंधेरीत आम्ही मोहाची बिअर चाखली, त्याच मातीत एकेकाळी मोहाचं फूल घरात सापडणं हाच संशय होता.

इंग्रज गेले, हिशोब राहिला. १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्याच्याच छत्राखाली बार चालतात. कागदोपत्री आजही प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. महाराष्ट्रात मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठले ते थेट २०२१ मध्ये. फुलं मोकळी झाली. ती वेचणारे हात अजून मोकळे झालेले नाहीत.

आता म्हणाल, सरकारचं धोरणच दारूविरोधी आहे, त्याला काय करणार? मंडळी, हा विनोद आहे. आपली 'देशी दारू' बघा. नाव देशी, पण येते साखर कारखान्याच्या मळीच्या स्पिरिटातून. वरून संत्र्या-मोसंबीचा वास. त्यात कुठल्या गावची रीत, कुठल्या झाडाचं फूल? तिला परवाना आहे, दुकान आहे.

वाईनचं बघा. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. कारण काय सांगितलं? शेतकऱ्याचं भलं. चांगलंच केलं. २०२२ मध्ये तर हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटांत वाईन ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, आणि वाईन म्हणजे दारू नव्हे असं सत्तेतलेच लोक सांगू लागले. विरोध झाला, ते अडकलं. पण मुद्दा लक्षात घ्या. द्राक्षवाला शेतकरी असतो, मग मोहवाला कोण असतो?

आणि सगळ्यात ताजं. जून २०२५ मध्ये सरकारने विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल मिळेल असं सांगितलं, आणि त्याच निर्णयात एक नवा वर्ग जन्माला घातला. नाव 'महाराष्ट्र मेड लिकर'. धान्यापासून बनवायची, राज्यातल्याच उत्पादकांनी बनवायची. एका बैठकीत नवा वर्ग तयार झाला, त्याची किमान किंमतसुद्धा ठरली. म्हणजे नवा वर्ग तयार करणं अवघड नसतं. मनात आलं की होतं. पण 'महाराष्ट्र मेड' म्हणताना महाराष्ट्राची झाडं आठवली नाहीत. मोह नाही, माड नाही, काजू नाही.

काजूचं दुखणं सिंधुदुर्गवाल्यांना विचारा. बी काढून घेतली की बोंडू बागेत कुजतात, नाहीतर पडेल भावाने गोव्यात जातात. सीमेपलीकडे त्याच बोंडूंची फेणी होते. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये राज्याने तिला 'वारसा पेय' म्हणून जाहीर केलं. आपल्या बाजूला परवान्याविना गाळली की गुन्हा. मध्य प्रदेशनेही मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून वेगळे नियम केले आणि आदिवासी बचत गटांना ती बनवायचा हक्क दिला. दोन्ही शेजाऱ्यांना जमलं. आपण मात्र पुरोगामी!

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. हातभट्टीने माणसं मरतात. हो, मरतात, आणि आपल्याच उपनगरांत मेली आहेत. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ८०हून जास्त. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून जास्त. पण ती मोहाने किंवा ताडीने मेली नाहीत. ती मिथेनॉलने मेली. मिथेनॉल कारखान्यात लागणारं रसायन आहे, कुठल्याच झाडाला लागत नाही. दारू गुत्त्यात लपून विकावी लागते तिथे कॅनमध्ये काय आहे हे कुणी तपासत नाही, आणि तिथेच हे विष शिरतं. ताडीच्या दुकानांची बदनामीही क्लोरल हायड्रेटच्या भेसळीने झाली, ताडीने नव्हे. अंधेरीच्या टाकीतली बिअर सुरक्षित का? कारण तिची नोंद आहे, तिला तपासणी आहे, आणि काही झालं तर कुणाला धरायचं हे माहीत आहे. मोहाला आणि ताडीला हेच का देत नाही?

कुणी म्हणेल, आंबवणं वेगळं आणि गाळणं वेगळं, गाळलेली दारू जास्त कडक. मान्य. मग नियमही जास्त कडक करा. तीव्रतेची मर्यादा घाला, बाटलीवर गावाचं आणि गटाचं नाव छापायला लावा, नमुना तपासल्याशिवाय विकू देऊ नका. कडक नियम वेगळे आणि बंदी वेगळी.

आणि दारूने घरं उद्ध्वस्त होतात, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. चाळीत वाढलोय, पगाराच्या दिवशीचे आवाज ऐकलेत. ज्या बायकांनी 'आडवी बाटली' करून आपल्या वॉर्डातली दुकानं बंद पाडली त्यांच्यापुढे मी हात जोडतो, आणि त्यांचा तो हक्क उद्याच्या मोहाच्या दुकानालाही तसाच लागू राहायला हवा. पण एक सांगा. बाटली आडवी करण्याचा हक्क गावच्या बाईला असेल, तर ती बाटली कुणी भरायची यात तिला वाटा का नको? आज मोहफूल ती वेचते, किलोवर विकते, आणि पुढची सगळी कमाई दुसऱ्यांची. चार पेल्यांच्या त्या कार्यक्रमात मी दिलेल्या दीड हजारातले फुलांचे किती असतील, तुम्हीच अंदाज करा.

मला अंधेरीचे टॅपरूम बंद व्हायला नको आहेत. उलट २००९ साली पुण्यात 'डूलाली'ने पहिली मायक्रोब्रूअरी काढली तेव्हापासून राज्याने दाखवून दिलंय की छोट्या प्रमाणावर बनवणाऱ्यांना परवाना देता येतो, त्यांची तपासणी करता येते, आभाळ कोसळत नाही. एवढंच मागणं आहे की 'छोटा उत्पादक' म्हणजे फक्त स्टीलची टाकी परवडणारा माणूस, ही व्याख्या बदला.

सरळ मागण्या लिहितो.

एक, 'महाराष्ट्र मेड' या वर्गात मोह, काजू बोंडू आणि माड-ताड यांचा समावेश करा, आणि त्यांच्यापुरता परवाना बचत गट, ग्रामसभा किंवा सहकारी संस्थांनाच द्या. नाहीतर मोठ्या डिस्टिलऱ्या हेही घेऊन जातील.

दोन, परवान्याची फी गटाला झेपेल एवढीच ठेवा, आणि तपासणीची प्रयोगशाळा जिल्ह्यातच द्या. जव्हारच्या बाईला नमुना घेऊन मुंबईला हेलपाटे घालायला लावू नका.

तीन, मायक्रोब्रूअरींनी स्थानिक फूल-फळ वापरलं तर ते कुठल्या गावातून आणि कुठल्या गटाकडून आलं, हे मेन्यूवर लिहिणं बंधनकारक करा. हॉप्स कुठल्या देशातले हे कौतुकाने सांगता, मग मोह कुठल्या पाड्यावरचा हेही सांगा.

हा प्रश्न पालघर-सिंधुदुर्गचा आहे, आपला काय संबंध, असं बोरिवली-मुलुंडमध्ये बसून म्हणू नका. पिणारे आपण आहोत, पैसे मोजणारे आपण आहोत, आणि विक्रोळी-मालवणीत मेलेली माणसंही आपलीच होती. पुढच्या वेळी आमदार सोसायटीच्या पूजेला किंवा मंडळाच्या मांडवात आले की गटार आणि पार्किंगबरोबर हाही प्रश्न विचारा: 'महाराष्ट्र मेड'मध्ये मोह का नाही? ते हसतील, विषय बदलतील. परत विचारा.