पोटात येणारा गोळा

मुलांच्या भीतीची थट्टा करणे ही आपल्या घरांतील फार जुनी रीत आहे. मीही ती इमानेइतबारे पाळीत आलो होतो. ती माझ्या हातून कशी सुटली, याची हकीगत आज आपल्याला सांगतो.

मुंबईहून पुण्याला जाताना बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली लागते. त्या परिसरात 2013 साली ‘इमॅजिका’ हे विस्तीर्ण मनोरंजन उद्यान सुरू झाले. पुढल्याच हिवाळ्यात आम्ही तेथे गेलो, तेव्हा तेथील ‘निट्रो’ नावाच्या रोलर कोस्टरची नवलाई अजून ओसरली नव्हती. बारा वर्षांच्या आमच्या चिरंजिवांची उंची प्रवेशाच्या खुणेहून चार बोटे अधिक भरली, परंतु रुळांखाली उभे राहून वर पाहताच ते म्हणाले, “बाबा, मी नाही बसणार.”

“अरे, तुझ्याहून लहान मुली बसताहेत!” मी चारचौघांत मोठ्याने म्हणालो. हे वाक्य लिहितानाही मला ओशाळल्यासारखे होते, आणि तेही दोन कारणांनी. मुलाने मान खाली घातली. त्याच्या आईने माझ्याकडे असे काही पाहिले, की मुकाट्याने एकट्यानेच रांगेत उभे राहण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही.

रांग लांब होती आणि माझ्यापाशी पुस्तकी ज्ञान भरपूर होते. या खेळाचा उगम रशियातील बर्फाच्या घसरगुंड्यांत आहे. म्हणून फ्रेंच लोक त्याला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. आणि गंमत अशी, की खुद्द रशियन लोक त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात! न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1884 साली थॉम्पसन नामक गृहस्थाने अशी गाडी सुरू केली, तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे 10 किलोमीटर, म्हणजे आपल्या टांग्याइतका होता. माझ्यासमोरची गाडी ताशी 100 किलोमीटरच्या घरात जात होती. जत्रेतल्या आकाशपाळण्यापलीकडे माझी मजल कधी गेली नव्हती, ही गोष्ट मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

एका ओळीत चौघे बसतात. खांद्यांवरून जाड कवच उतरते, ते घट्ट बसल्याची तपासणी होते, आणि मग पायांखालची जमीनच बाजूला सरते! या गाडीला तळच नाही. पाय अधांतरी लोंबकळत राहतात. साखळी गाडीला कडकड आवाज करीत सुमारे 40 मीटर, म्हणजे बारा-तेरा मजले, वर ओढून नेते. तेवढेच काय ते यंत्राचे काम. पुढचा सारा प्रवास त्या उंचीच्या भांडवलावर चालतो. माथ्यावर क्षणभर सह्याद्रीचे सुळके दिसले. शेजारचा तरुण काहीतरी म्हणाला. मी उत्तर देणार, एवढ्यात गाडी कोसळली.

‘पोटात गोळा आला’ असे आपण सहज म्हणतो. तो गोळा खरा असतो हो! आसन आणि आपण एकाच वेगाने पडू लागलो, की आसनाचा नेहमीचा दाब नाहीसा होतो. पोटातली आतडीही जागची हलल्यासारखी होतात. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय एक सांगते, डोळे दुसरेच सांगतात. गाडीला रुळांच्या वर, बाजूला आणि खालीही चाके असतात, त्यामुळे ती सुटून पडत नाही, हे मला पाठ होते. पण त्या वेळी माझ्या देहाने ते ऐकून घेतले नाही. पाच वेळा मी उलटा झालो. पहिल्या वेळेनंतर डोळे मिटले, ते गाडी थांबल्यावरच उघडले.

उतरलो तेव्हा गुडघे लटपटत होते आणि मुलगा कठड्यापाशी वाट पाहत होता.

“बाबा, भीती वाटली?”

“छे!” हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी म्हणालो, “फार वाटली. डोळे मिटून घेतले मी. आणि मघाशी तुला सर्वांदेखत बोललो, ते माझे चुकले.”

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “उलटे झाल्यावर पाय कुठे जातात?” मी जमेल तसे सांगितले. खालच्या चाकांची गोष्ट त्याला फार आवडली. कठड्याला रेलून तो येणारी प्रत्येक गाडी निरखीत राहिला. त्या दिवशी तो निट्रोमध्ये बसला नाही, आणि मीही पुन्हा तो विषय काढला नाही.

परतीच्या वाटेवर त्याने आजीला फोन लावून सगळा वृत्तांत सांगितला. त्यात सर्वांत आधी आले ते माझे मिटलेले डोळे.